चौघांसमोर वही, तिघांसमोर एकच कागद: जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत एका मंचावर कसं वाजतं

समजा, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर सात वादक बसले आहेत. एका बाजूला चौघं: दोघांकडे व्हायोलिन, एकाकडे व्हियोला (दिसायला व्हायोलिनसारखीच, पण थोडी मोठी आणि खालच्या सुरांची) आणि एकाने गुडघ्यांत धरलेला चेलो. दुसऱ्या बाजूला तिघं: पियानो, माणसाच्या डोक्यावर जाणारा डबल बेस आणि ड्रम्स. चौघांच्या स्टँडवर नोटेशनची जाडजूड वही आहे. तिघांपुढे एकेकच कागद, त्यावर चालीच्या चार ओळी आणि वर कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची) नावं. बऱ्याचदा तोही नसतो. तरी सातही जण एकच रचना वाजवताहेत, एकदम थांबताहेत, एकदम उचलताहेत.

हे जमतं कसं, असं मला सोलापुरातल्या गाण्याच्या मंडळींनी अनेकदा विचारलं आहे. त्यांत भजनी मंडळात पखवाज धरणारे आहेत, घरी पेटी शिकवणारे आहेत, नाट्यगीतांवर जीव टाकणारे आहेत. ‘दोन संगीतांचा सुंदर मिलाफ’ असं म्हणून वेळ मारून नेता येते, पण विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. माझ्या मते यात सूर जुळवणं हा लहान भाग आहे. दोन्हीकडचे सूर तेच, आणि कॉर्डही बऱ्याच अंशी एकाच घराण्यातल्या. अवघड आहे ती लय. ठोका नेमका कुठे पडतो, तो कुणी सांभाळायचा, आणि तो ताणला तर चालेल का, या गोष्टींत दोन्हीकडच्या वादकांची तालीम अगदी वेगळी झालेली असते. मैफलीतली सगळी गंमत आणि सगळी पडझड तिथेच होते.

ठोका कुणाच्या हातात?

स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे वर सांगितलेली चौकडी, हा प्रकार अठराव्या शतकात ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन याने नावारूपाला आणला. त्याने एकट्याने साठाहून अधिक क्वार्टेट लिहिले. दिवाणखान्यात, मोजक्या माणसांसमोर वाजवायचं हे संगीत. प्रत्येक ओळीला एकच वादक आणि समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. मग सुरुवात कोण देतं? पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे नीट बघा. वाजवण्याआधी तो नाकाने श्वास घेतो आणि गज किंचित उचलतो. त्या श्वासाच्या लांबीवरून बाकीच्या तिघांना लय कळते. पुढे सुरांचं एक वाक्य संपत आलं की चौघं मिळून जरा रेंगाळतात, नवं वाक्य आलं की पुढे सरकतात. ठोका असा कुणीच वाजवत नाही. तो चौघांच्या मनात असतो आणि ताणला जातो.

जॅझचं याच्या उलट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांतून वर आलेलं हे संगीत नाचात वाजायचं, मिरवणुकीत वाजायचं. नाचणाऱ्याच्या पायाखालचा ठोका रेंगाळून कसं चालेल? म्हणून बेस आणि ड्रम्स लय घट्ट धरून ठेवतात आणि एकल वाजवणारा त्या लयीच्या थोडा मागे, थोडा पुढे खेळतो. तबल्याने ठेका सोडायचा नाही आणि गायकाने त्यावर लयकारी करायची, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. जॅझची ही बाजू आपल्या कानाला युरोपी क्वार्टेटपेक्षा लवकर उमगते, असा माझा अनुभव आहे.

आता स्विंग. हा शब्द सगळे वापरतात, पण त्यात नेमकं काय घडतं ते क्वचितच कुणी उलगडून सांगतं. चार मात्रांचा एक बार धरा. युरोपी सवयीने वजन पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतं. जॅझमध्ये ड्रमर डाव्या पायाने झांजांची जोडी मिटतो ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. त्याशिवाय प्रत्येक मात्रेचे जे दोन भाग होतात ते कागदावर सारखे लिहिलेले असले, तरी वाजवताना पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो. मध्यम लयीत हे प्रमाण ढोबळमानाने दोनास एक असतं. लय चढत जाईल तसे दोन्ही भाग सारखे होऊ लागतात. तबलावाल्यांना मी असं सांगतो: मात्रेचे तीन भाग करा, पहिले दोन जोडून घ्या, तिसऱ्यावर बोल टाका. मात्र एवढं गणित करून तंतोतंत वाजवलं की ते लंगडं लागतं. प्रमाण वादकागणिक, वाक्यागणिक हलतं, आणि ते कागदावर उतरत नाही. ऐकून ऐकूनच अंगात येतं.

क्वार्टेटवाले इथे अडतात ते गजापाशी. पियानोची पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आदळते आणि आवाज तिथल्या तिथे फुटतो. गजाचं तसं नाही. गज तार घासतो, त्यामुळे सूर पूर्ण उगवायला किंचित वेळ लागतो. ड्रमरच्या काठीबरोबर नेमकं पडायचं तर व्हायोलिनवाल्याला केसभर आधी निघावं लागतं. दुसरं म्हणजे खाली ओढलेला गज जड असतो आणि वर ढकललेला हलका. वर्षानुवर्षांच्या रियाजाने जड गज आपोआप पहिल्या मात्रेवर जातो. स्विंगला मात्र मात्रेबाहेरच्या आखूड सुरावर वजन हवं असतं. मग तो आखूड सूर आणि पुढच्या मात्रेवरचा सूर एकाच गजात बांधून घ्यावे लागतात, म्हणजे गजाची सगळी आखणीच बदलते. तिसरी गोष्ट डाव्या हाताची. शास्त्रीय तालमीत सूर गोड लागावा म्हणून तारेवरचं बोट जवळजवळ सतत थरथरतं. जॅझवाला सूर बहुधा सरळ लावतो आणि थरथर शेवटी देतो, कधी देतही नाही. ही एक सवय सोडली तरी क्वार्टेटचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो. पुढे कधी अशी मैफल ऐकाल तेव्हा डोळे मिटून फक्त एवढंच तपासा.

यातून काही वादकांनी नवी वाट काढली. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टर्टल आयलंड स्ट्रिंग क्वार्टेटने ‘चॉप’ नावाची हातोटी क्वार्टेटमध्ये रुजवली. गजाचं मुठीकडचं टोक तारेवर आपटायचं, की सूर न निघता खट् असा कोरडा ठोका येतो. मूळ युक्ती अमेरिकी लोकसंगीतातल्या व्हायोलिनवाल्यांची. तिच्यामुळे ड्रम्स नसतानाही चौघांतला एक जण ड्रमर होऊ शकतो आणि चेलोवाला गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडत, दर मात्रेला एक सूर टाकत बेसचं काम करतो.

कागदावर काय, मनात काय

जॅझची रचना आवर्तनासारखी असते. बारा बारचं ब्लूज (अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा गाण्याचा प्रकार) किंवा बत्तीस बारचं गाणं, त्यात आठ-आठ बारचे चार भाग. तेवढं एक चक्र. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण त्याच चक्रावर आपलं मनचं वाजवतो, शेवटी पुन्हा चाल. आपण मुखड्यावर परततो तसंच. ड्रमर आणि दुसरा वादक चार-चार बार आलटून पालटून वाजवतात ते तर उघड सवाल-जवाब. फरक आहे तो असा: आपल्याकडे राग एकदा धरला की षड्ज हलत नाही. जॅझमध्ये खालची कॉर्ड दर एक-दोन बारना बदलते, आणि वाजवणाऱ्याला तेवढ्या वेगाने कोणते सूर चालतील याचा हिशेब बदलावा लागतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला अस्थिर वाटतं. बेसकडे कान द्या. चक्र कुठवर आलंय ते तोच सांगत असतो.

शास्त्रीय बाजूला बहुतेक सगळं लिहिलेलं. पण हे असं कायमचं नव्हतं, आणि मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. जर्मन संगीतकार बाखच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य वाजवणाऱ्याला फक्त खालची ओळ आणि तिच्याखाली आकडे दिलेले असत. आकडे पाहून वरच्या कॉर्ड त्याने जागेवर भरायच्या. आजचा जॅझ पियानोवाला कॉर्डची नावं पाहून हेच करतो. फ्रान्सचे पियानोवादक जाक लुसिए यांनी १९५९ पासून आपल्या त्रिकुटाबरोबर बाख जॅझमध्ये वाजवला आणि तो इतका सहज बसला, याचं एक कारण हे की बाखच्या संगीतात खाली बेस अखंड चालत असतो आणि वर खेळायला जागा असते.

मोत्सार्टचा एक प्रसंग ऐका. १७८४ चा एप्रिल महिना, व्हिएन्ना. रेजिना स्ट्रिनासाकी ही इटालियन व्हायोलिनवादक मैफल करणार होती आणि मोत्सार्टने तिच्यासाठी सोनाटा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानो अशा दोघांसाठीची रचना, लिहायला घेतली होती. व्हायोलिनचा भाग लिहून झाला, पियानोचा राहिला. मैफलीत तो जवळजवळ कोरा कागद समोर ठेवून वाजवत होता असं सांगतात. ही नुसती दंतकथा नसावी, कारण हस्तलिखितात पियानोचा भाग वेगळ्या शाईत, मिळेल त्या जागेत दाटीवाटीने भरलेला दिसतो. उत्स्फूर्तपणाची ही सवय युरोपी मैफलीतून एकोणिसाव्या शतकात हळूहळू गेली. जॅझवाल्यांबरोबर बसलेला आजचा क्वार्टेट आपल्याच पणजोबांचं काम पुन्हा शिकत असतो.

विसाव्या शतकात ही गाठ पहिल्यांदा गाजली ती १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये. पॉल व्हाइटमनच्या बँडबरोबर संगीतकार जॉर्ज गर्श्विन आपली ‘रॅप्सडी इन ब्लू’ ही रचना पियानोवर वाजवायला बसला. बँडसाठी वाद्यरचना फर्डे ग्रोफेने केली होती, पण गर्श्विनचा स्वतःचा पियानोचा भाग पुरता लिहून झालेला नव्हता. बँडच्या प्रतीत एका जागी एवढंच लिहिलेलं होतं, की मान हलेपर्यंत थांबा. गर्श्विनने मनाने वाजवायचं, मान हलवायची, की बँड आत. लिहिलेलं आणि न लिहिलेलं यांच्यातला सांधा इतका साधा होता.

त्याच रचनेची सुरुवात क्लॅरोनेटने होते. गर्श्विनने लिहिली होती ती सतरा सुरांची सरळ चढती सरगम. तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने गंमत म्हणून ती घसरत, मींड घेत वर नेली. गर्श्विनला ती आवडली आणि तशीच राहिली. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत क्लॅरोनेट वाजवणाऱ्या एका बुजुर्ग कलाकारांना मी मोबाइलवर ही सुरुवात ऐकवली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग वाद्य हातात नसतानाच हवेत बोटं धरली. “खालचे सूर पळवायचे. मधल्या जोडाच्या वर गेलं की बोट एकदम उचलायचं नाही, भोकावरनं सरकवत न्यायचं. ओठ आधी ढिला, मग आवळत जायचं. हे तर आम्ही वरातीत रोज करतो की वो.” शंभर वर्षांपूर्वीची ती करामत त्यांनी दोन मिनिटांत उकलून दाखवली. शहरात इतके ब्रास बँड असताना या कलाकारांना अशा संगीताच्या चर्चेत कुणी बोलावत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सांधा जुळवायचा कसा

प्रत्यक्ष मैफलीत दोन्ही बाजू जोडायच्या युक्त्या मोजक्याच आहेत. सर्वांत कामाची म्हणजे उघडी जागा. क्वार्टेटच्या वहीत चार किंवा आठ बार असे लिहिलेले असतात, की खूण मिळेपर्यंत तेच फिरवत राहा. वर पियानो किंवा सॅक्सोफोन मनाने वाजत असतो. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा धरतात, अगदी तेच काम. लेहरा धरणारा जसा कंटाळून चालत नाही, तसा क्वार्टेटही नाही. तो फिरता तुकडा जिवंत ठेवणं हे वरच्या धावत्या तानांइतकंच कठीण आहे. एकल वादकाचं शेवटचं चक्र आलं की तो मान वळवतो किंवा डोळ्याने खूण करतो, आणि चौघं पान उलटतात. या क्षणी पहिला व्हायोलिनवाला कुणाकडे पाहतो ते बघा. नवखा संघ कागदात डोकं घालून असतो, मुरलेला संघ एकमेकांकडे पाहत असतो.

लय ताणायची असेल तिथे ड्रमर सरळ थांबतो. क्वार्टेटला हवं तेवढं रेंगाळू दिलं जातं, आणि नवं वाक्य सुरू होताना बेस ठोका परत हाती घेतो. चांगले ड्रमर अशा मैफलीत काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरतात, कारण काठीच्या एका फटक्यात व्हियोला पार बुडून जाते. साउंडवाला मग काय करतो, तर व्हायोलिनचे माइक चढवतो, त्या माइकमध्ये ड्रम्सही शिरतात आणि सगळंच कर्कश होतं. ड्रम्स खाली आणणं हाच यावरचा उपाय. सोलापुरात कुणी हे संगीत मंचावर आणणार असेल तर माझं सांगणं आहे, मोठ्या नाट्यगृहाऐवजी शे-दीडशे माणसं बसतील असा हॉल घ्या, वादकांना अर्धगोलात बसवा आणि माइक शक्य तितके कमी लावा. त्यांना एकमेकांचा आवाज स्पीकरविना ऐकू आला की निम्मं काम होतं.

अशा संगीताला १९५७ मध्ये अमेरिकी संगीतकार गुंथर शुलर यांनी ‘थर्ड स्ट्रीम’ म्हणजे तिसरा प्रवाह असं नाव दिलं. जॅझच्या मागे व्हायोलिनं लावली की तिसरा प्रवाह होत नाही, हे पुढे त्यांनाच बजावून सांगावं लागलं. माझंही मत तेच. चार्ली पार्करने तंतुवाद्यांबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिका मी आवडीने ऐकतो, त्याचा सॅक्सोफोन त्यांत अप्रतिम आहे. पण मागची व्हायोलिनं सजावटीपुरती आहेत, ती काढली तरी पार्करला काही फरक पडत नाही. याउलट १९५२ चं मॉडर्न जॅझ क्वार्टेट घ्या. पियानोवर जॉन लुईस, धातूच्या पट्ट्यांच्या व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, बेसवर पर्सी हीथ आणि ड्रम्सवर आधी केनी क्लार्क, मग कॉनी के. औपचारिक सूट घालून, दबक्या आवाजात, नाइटक्लबमध्येही मैफलीचा आब राखून वाजवायचे. लुईस यांना बाखचा फ्यूग (एकच चाल अनेक ओळींत एकामागून एक गुंफत नेणारा प्रकार) प्रिय, जॅक्सन अंतर्बाह्य ब्लूजचा माणूस. एकाच चालीत लुईसची काटेकोर गुंफण आणि जॅक्सनचा सैल, मागे रेलणारा सूर एकमेकांना धरून चालतात. यातला एक जरी काढला तरी रचना कोसळेल. मिलाफ खरा की वरवरचा, हे ओळखायची माझी कसोटी हीच.

आपल्या कानाला हे परकं नाही

मुंबईत १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होतं. ते वाजवणाऱ्यांत पुढे गोव्याचे वादक मोठ्या संख्येने आले. चर्चच्या शाळांत ते लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकलेले. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा फिल्म स्टुडिओत रेकॉर्डिंग. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सबॅस्टियन डिसूझा यांनी हिंदी गाण्यांची वाद्यरचना केली; अँथनी गोन्साल्विस, म्हणजे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, यांनी १९५८ मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारी मैफल मुंबईत केली, तीत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. सोलापूरच्या गिरणीतली पाळी संपवून थिएटरात जाऊन बसलेल्या कामगाराने ट्रम्पेटचा स्विंग आणि व्हायोलिनांचा ताफा एकाच गाण्यात कितीतरी वेळा ऐकला आहे. कुणी त्याला ते नाव घेऊन सांगितलं नाही, एवढंच.

आता टाळ्यांचं. पाश्चात्त्य शास्त्रीय मैफलीत रचनेचे सगळे भाग संपेपर्यंत टाळी देत नाहीत. जॅझमध्ये प्रत्येकाचं एकल वादन संपलं की लगेच देतात, नाही दिली तर वादकाला चुकल्यासारखं होतं. मिश्र मैफलीत म्हणून श्रोते बिचकतात. साधा नियम ठेवा: ठोका चालू असताना कुणी मनाने वाजवून थांबला तर मोकळेपणाने दाद द्या, आणि ठोका थांबून शांतता झाली असेल तर गज खाली येईपर्यंत थांबा. आणि तालावर टाळी धरायचीच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा.

घरी ऐकायला सुरुवात करायची तर फ्रेंच पियानोवादक क्लोद बोलिंग यांच्या बासरी आणि जॅझ पियानो त्रिकुटासाठीच्या स्वीटपासून (छोट्या भागांच्या मालिकेपासून) करा. बासरीवादक झाँ-पिएर राम्पाल यांच्याबरोबरची तिची ध्वनिमुद्रिका १९७५ मध्ये निघाली. पहिल्याच भागात जुन्या युरोपी धाटणीची बासरी आणि स्विंग करणारं त्रिकूट आलटून पालटून समोर येतात, त्यामुळे वर सांगितलेला लयीचा फरक लगेच कानाला कळतो. त्यानंतर मॉडर्न जॅझ क्वार्टेट. कान जरा सरावला की फ्रेंच संगीतकार रावेलची १९२७ ची व्हायोलिन सोनाटा लावा आणि मधला ‘ब्लूज’ नावाचा भाग ऐका. दोनच वादक आहेत. व्हायोलिनवाला गज न लावता तारा बोटांनी बँजोसारख्या छेडतो, आणि पियानो आत येतो तो अर्ध्या स्वराने वेगळ्या पट्टीत. पेटी लागलेल्या कानाला पहिल्यांदा वाटेल की कुणीतरी पट्टी चुकलं. बंद करू नका, पुढे ऐका. रावेलने ते तसंच लिहिलं आहे.